पृथ्वी सपाट की गोल? कंपासपेटी काढा आणि विमानाचं वेळापत्रक उघडा

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी ना कधी तो मेसेज येतोच. २०१५च्या ऑक्टोबरात तैपेईहून लॉस एंजेलिसला निघालेल्या विमानात एक बाई बाळंत झाली आणि विमान उतरवलं अलास्कात, अँकरेजला. ‘पॅसिफिकवरचं विमान अलास्कात कसं? बघा, पृथ्वी सपाट!’ वाद घालू नका, मोजून बघा.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपसूक वर सरकतो आणि अलास्काच्या अल्युशियन बेटांच्या जरा खालून जातो. सपाटवाल्यांच्या नकाशात मधोमध उत्तर ध्रुव असतो, संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हात असतो तसा. त्यावरही रेघ अलास्कापाशीच जाते. म्हणजे या बाळंतपणाने कुणाचंच काही सिद्ध होत नाही! खरी परीक्षा दक्षिणेत.

ऑस्ट्रेलियातलं सिडनी ते दक्षिण अमेरिकेत चिलीतलं सँटियागो हा थेट विमानमार्ग घ्या.

आधी वेळ. वेळापत्रकात दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. दुपारी साडेबाराला सिडनीहून निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी अकराच्या सुमारास सँटियागोला उतरतं. छपाईची चूक नाही ही, सिडनी बहुतेक वर्षभर १४ तास पुढे असते. हिशेब केलात की प्रवास निघतो साडेबारा तासांचा.

आता सपाट नकाशा. ए-फोर कागद आडवा धरा, १ सेंमी म्हणजे १,००० किमी. वरच्या कडेला मधोमध एक टिंब द्या, हा उत्तर ध्रुव. दोन्ही शहरं विषुववृत्ताच्या खाली सुमारे ३४ अंशांवर आहेत, म्हणजे ध्रुवापासून १३,७५० किमीच्या आसपास. रेखांशांतला फरक १३८ अंश. टिंबापासून तेवढ्या कोनात १३.७५ सेंमीच्या दोन रेघा मारा आणि त्यांची टोकं पट्टीने जोडा. पट्टी २५.७ सेंमी दाखवेल. २५,७०० किमी भागिले साडेबारा, म्हणजे ताशी दोन हजारांहून जास्त. हा वेग काँकॉर्डचा, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या जुन्या प्रवासी विमानाचा. साधं प्रवासी जेट ९००च्या आसपास उडतं. शिवाय ही रेघ टेक्सासवरून जाते. खऱ्या प्रवाशांना खिडकीतून दिसतो तो समुद्र, फार तर तरंगता बर्फ.

मग तोच दोरा पृथ्वीगोलावर लावा. गोल ३० सेंमी व्यासाचा असेल तर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. दोरा पावणेसत्तावीस सेंमीच्या जवळपास भरतो, म्हणजे ११,३०० किमी. वेग येतो ताशी ९००.

एवढं दाखवल्यावर समोरचा म्हणेल, ‘वारा मागून ढकलतो हो!’ ढकलतो, खरंच. म्हणून तर परतीला तास-दीड तास जास्त लागतो. पण सपाट नकाशाचा हिशेब जुळवायला वारा ताशी ११०० किमीचा लागेल, आणि तसल्या वाऱ्यात सँटियागोहून सिडनीला निघालेलं विमान मागे मागेच जाईल.