शास्त्र एक सांगते, मन दुसरेच: अशा वेळी निर्णय कसा करावा

नीतीचा उगम धर्मग्रंथात आहे की माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीत, हा वाद फार जुना आहे. पण ज्याला उद्या सकाळपर्यंत काहीतरी ठरवायचे आहे, त्याचे त्या वादाच्या निकालावाचून अडत नाही. त्याला हवी असते ती या दोन्ही साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची रीत, आणि ती आस्तिकालाही वापरता येते, नास्तिकालाही.

सर्वप्रथम, विरोध खरोखर आहे का, हे पाहावे. ऐकीव वचनावर विसंबू नये. मूळ वचन मागच्यापुढच्या मजकुरासह वाचावे आणि ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले हे ताडून घ्यावे. गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक कार्य-अकार्य ठरवताना शास्त्र हेच प्रमाण मानायला सांगतो. पण अठराव्या अध्यायात सर्व उपदेश झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. मनुस्मृतीनेही धर्माची मुळे सांगताना वेद, स्मृती आणि सदाचार यांच्यानंतर, शेवटी का होईना, ‘आत्मतुष्टी’ला जागा दिली आहे. बायबलमध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारक पौल रोमकरांना लिहिताना म्हणतो की, ज्यांना नियमशास्त्र (यहुद्यांना मिळालेले ईश्वरी नियम) मिळालेले नाही त्यांच्याही अंतःकरणावर त्याची शिकवण कोरलेली असते. तेव्हा ग्रंथ मनाला बाजूलाच सारतात, ही समजूत घाईची आहे.

‘मी फक्त ग्रंथ मानतो’ असे म्हणणाऱ्याने आपण कोणती वचने पाळतो आणि कोणती सोडून देतो, याची यादी एकदा करून पाहावी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक, दोघेही बायबलचाच आधार घेत होते. ग्रंथ एकच होता. निवड करणारी चाळणी मात्र ज्याची त्याची होती.

म्हणून मन निर्दोष ठरते असे नाही. गुलाम बाळगणाऱ्या कित्येकांचे मन त्यांना टोचतही नव्हते. मन घडते ते घरात, जातीत, वर्गात, आणि त्या घडणीतले दोषही ते आपल्याबरोबर वाहून आणते. ‘आतला आवाज’ म्हणून जे ऐकू येते, त्यात लोकलाज, किळस, सवय आणि निव्वळ सोय यांचा भरणा किती आहे, हे वेगळे काढावे लागते. (मला स्वतःला या कामात सोय हीच सर्वांत बेमालूम वेषांतर करणारी वाटते.) त्यासाठी दोन प्रश्न पुरतात. हे कोणालाही कधीच कळणार नसेल, तरी मला असेच वाटेल का? आणि यातला फायदा माझ्या माणसाऐवजी परक्याला होणार असता, तरी मन हेच म्हणाले असते का?

समजा, गरजू मित्र शिफारसपत्र मागतो आणि दोन वर्षांच्या अनुभवाच्या जागी ‘पाच वर्षे’ लिहायची विनंती करतो. ग्रंथ म्हणतो, खोटे बोलू नये. मन म्हणते, त्याच्या घरची परिस्थिती पाहा, दया हाही धर्मच आहे. दुसरा प्रश्न इथे लावला की चित्र पालटते, कारण त्याच जागेसाठी खरा अनुभव लिहून अर्ज केलेला एक अनोळखी उमेदवार या दयेच्या हिशेबात आलेलाच नसतो. अशा वेळी पत्र लिहावे, त्यात दोन वर्षेच लिहावीत, आणि मित्र कष्टाळू असेल तर ते मोकळ्या मनाने नमूद करावे.

विरोध तरीही उरलाच, तर किंमत कोण मोजणार हे पाहावे, आणि माझ्या मते ही सर्वांत भरवशाची कसोटी आहे. ग्रंथ मला झीज सोसायला सांगत असेल आणि मन पळवाट शोधत असेल, तर संशय मनावर घ्यावा. उलट, ग्रंथाच्या आधारे दुसऱ्याला हीन लेखण्याची किंवा दुखावण्याची मुभा मला मिळत असेल आणि मन कचरत असेल, तर संशय त्या वचनावर किंवा आपण लावलेल्या अर्थावर घ्यावा. महाड येथे 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा त्या ग्रंथाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजलेली माणसेच तिथे जमली होती.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर ज्याचा यात काडीचाही स्वार्थ नाही आणि जो आपल्या मताचा नाही, अशा माणसाला विचारावे, आणि शक्यतो जो निर्णय नंतर मागे घेता येईल तोच घ्यावा. थॉमस अॅक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या मते चुकलेली सदसद्विवेकबुद्धीही माणसावर बंधनकारक असते, मात्र ती चूक हयगयीतून झाली असेल तर दोष टळत नाही. चौकशी आधी करायची ती याचसाठी. अखेर वचनाविरुद्ध जायचे ठरले, तर ते आपल्या जबाबदारीवर, तसे स्पष्ट सांगून करावे. वचनाचा अर्थ ओढूनताणून आपल्या बाजूला वळवू नये.