दाखवताना उचललेलं वजनही मोजा : ताकद आणि दम वाढवताना या चुका टाळा

"ताई, एकदा डेडलिफ्ट दाखवा ना," संध्याकाळच्या बॅचमधल्या एका मुलीनं हाक मारली तेव्हा मी काउंटरवर पावती लिहीत होते. तशीच उठले. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभं राहणं. रॉडला प्लेटी लावून एकूण 60 किलो झाले होते. दोन रेप, म्हणजे दोनदा उचलून खाली नेणं, व्यवस्थित झाले. तिसऱ्याला रॉड खाली नेताना मान वळवून "माझी पाठ बघ" असं तिला सांगायला गेले आणि कमरेत अशी उसण भरली की रॉड हातातून सुटला. 60 किलो हे माझं वॉर्मअपचं वजन. त्या महिन्यात मी 100 किलोचे सेट (न थांबता सलग केलेले काही रेप) मारत होते. पुढचे तीन आठवडे मात्र बुटाची नाडी बांधायला पाय स्टुलावर ठेवावा लागला.

रात्री ट्रेनिंगची वही उघडली. त्या तारखेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'सुट्टी'.

मी ठाण्यात वर्तकनगरला कोच आहे, राहते कळव्याला. सकाळची बॅच साडेपाच ते साडेदहा, संध्याकाळची पाच ते साडेनऊ, आणि मधल्या वेळात माझं स्वतःचं ट्रेनिंग. कमर बरी झाल्यावर एक दिवस मी फळ्याच्या कोपऱ्यात उभ्या रेघा ओढत गेले. दाखवण्यासाठी एक स्क्वॉट केला की एक रेघ, कुणाची प्लेट उचलून जागेवर ठेवली की एक रेघ. रात्री मोजल्या तर 52 स्क्वॉट, 37 डेडलिफ्ट, 40 पुश-अप आणि 20 किलोच्या प्लेटी 26 वेळा. बहुतेक सगळं थंड अंगानं, बोलता बोलता, एकाच बाजूला वाकून. शिवाय दहा तास उभं राहणं वेगळंच. माझ्या वहीत यातला एकही आकडा नव्हता, आणि मी मात्र "उचलायचं वजन का अडलंय?" म्हणून प्लॅन बदलत बसले होते.

आता मी सव्वापाचला पोचते आणि पहिला मेंबर यायच्या आत दहा मिनिटं अंग मोकळं करून घेते. डेडलिफ्ट दाखवायचा तर हलक्या काठीनं किंवा मोकळ्या रॉडनं. दाखवताना बोलायचं नाही. आधी सांगायचं, मग गप्प राहून करायचं. जड वजनावर फॉर्म, म्हणजे व्यायामातली शरीराची ठेवण, दाखवायचा असेल तर ज्याचा वॉर्मअप झालाय अशा मेंबरला पुढे करते. आणि प्लेटी ज्याच्या त्यानं जागेवर ठेवायच्या, हा नियम मी शिस्तीपेक्षा माझ्या कमरेसाठी लावलाय.

तुमच्याही वहीबाहेर वजन असतंच

तुम्ही कोच नसाल, तरी हे तुम्हाला लागू आहे. डोंबिवलीहून फास्ट लोकलच्या दारात एका पायावर उभं राहून येणं, लिफ्ट बंद म्हणून आठवडाभर नऊ मजले चढणं, गणपतीत रात्री दोनपर्यंत मंडपाचं काम, नाइट शिफ्ट. शरीर हे सगळं एकाच खात्यात जमा करतं.

माझ्याकडे एक गृहस्थ येतात, पन्नाशीला आलेले. त्यांचा डेडलिफ्ट दोन महिने 70 किलोवर अडला होता आणि कंबर सतत जड. फॉर्म तपासला, ठीक होता. जेवण विचारलं, ठीक. मग सहज विचारलं, "घरी काय चाललंय?" वडील अंथरुणाला खिळलेले होते. रात्रीत चार-पाच वेळा हे त्यांना काखेत हात घालून उठवत-बसवत होते, तेही पलंगावर पुढे वाकून. म्हणजे डेडलिफ्टचा सगळ्यात अवघड प्रकार माणूस रोज झोपमोड करून करत होता. आम्ही जिममधला डेडलिफ्ट निम्म्यावर आणला, स्क्वॉट आणि रोइंग तसंच ठेवलं, आणि त्यांना एक गोष्ट शिकवली. वडिलांच्या खाली दुहेरी चादर घालायची, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरायची, एक गुडघा पलंगावर टेकवायचा आणि उचलण्याऐवजी सरकवायचं. महिन्याभरात कंबर हलकी झाली.

तेव्हा वजन अडलं की प्लॅन बदलण्याआधी गेल्या दोन आठवड्यांचं आयुष्य आठवा. मी क्रमानं पाहते : झोप, जेवण, वहीबाहेरची कामं, मग फॉर्म, आणि प्लॅन सगळ्यात शेवटी.

"ताई, तुमचाच प्लॅन द्या"

देते, लपवण्यासारखं काही नाही. सोमवारी स्क्वॉट आणि बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं), बुधवारी डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेस (उभ्यानं रॉड डोक्यावर ढकलणं), शुक्रवारी फ्रंट स्क्वॉट (रॉड खांद्यांवर पुढून धरून), चिन-अप आणि रोइंग. मुख्य व्यायामाचे तीन-चार सेट, प्रत्येकी चार-पाच रेप. मंगळवारी उपवन तलावाकाठी 40 मिनिटं सावकाश पळणं, रविवारी पहाटे येऊरचा चढ. गुरुवार आणि शनिवार रिकामे.

पण हा प्लॅन बारा वर्षं रॉडखाली घातलेल्या शरीराचा आहे. सहा महिनेच व्यायाम केलेल्या माणसाला आठवड्यातून एकदाच जड डेडलिफ्ट करून तो व्यायाम अंगवळणीच पडणार नाही. त्यानं हलक्या वजनावर आठवड्यातून दोन-तीनदा स्क्वॉट करावा, रेप आठ-दहा ठेवावेत. पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते ती बरीचशी मज्जासंस्था शिकते म्हणून. स्नायू त्यामागून येतात, आणि स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे सगळ्यात सावकाश घट्ट होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोपर किंवा गुडघ्याखालची जागा दुखायला लागते ती याच मागे-पुढे होण्यामुळे. स्नायू म्हणतो वाढव, कंडरा अजून तयार नसतो.

रॉडचं वजन माहीत नसणं

ही चूक किरकोळ वाटते, पण मी तिच्यापायी पोरांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुषांचा रॉड 20 किलोचा आणि बायकांचा 15 चा असतो. आपल्याकडच्या जिममध्ये मात्र त्याशिवाय बारीक टोकांचे जुने रॉडही असतात, आठ किलोचे, दहाचे, बाराचे, आणि त्यांवर काही लिहिलेलं नसतं. एक मुलगा म्हणाला, "ताई, माझा बेंच दहा किलोनं उतरला." उतरलं काहीच नव्हतं. नेहमीच्या रॉडवर दुसरं कुणी होतं म्हणून त्यानं त्या दिवशी जाड, म्हणजे मुळातच जास्त वजनाचा, रॉड घेतला होता, इतकंच.

वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग रॉड हातात घेऊन. फरक लिहा आणि रॉडवर रंगीत टेप लावा. दुसरं म्हणजे सव्वा किलोच्या दोन प्लेटी मिळत नसतील तर स्वतःच्या विकत घ्या. स्क्वॉटला पाच किलोची उडी चालते. ओव्हरहेड प्रेसला, विशेषतः बायकांना, ती भिंतीसारखी आडवी येते.

प्रत्येक सेटला जीव काढणं

मी सगळ्यात जास्त वेळा जी चूक सुधारते ती ही. सेट संपताना चेहरा लाल, पाठ गोल, शेवटचा रेप मित्रानं ओढून दिलेला, आणि पुढच्या सेटला मोबाइल बघत पाऊण मिनिटात परत रॉडखाली.

शाळेत बेरीज करताना हातचे राखायचो, तसे इथेही हातचे दोन राखा. पाच रेपचा सेट असेल तर असं वजन घ्या की सात होऊ शकले असते. ते कळतं कसं? रॉडचा वेग बघा. रेप स्वतःहून मंदावला, मध्येच अडखळला, की हातचा एकच उरलाय असं समजा. मोबाइलवर बाजूनं व्हिडिओ घेतला तर पंधरा दिवसांत नजर तयार होते. हातातल्या डंबेलनं बायसेप्स करताना शेवटपर्यंत गेलात तर फारसं बिघडत नाही. स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये मात्र थकलेली पाठ आधी दगा देते.

जास्त सेट म्हणजे जास्त ताकद, या समजुतीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायांत ताकद परत आणण्यासाठी थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं जड वजनं वापरली. 1945 मध्ये त्यांनी ती पद्धत मांडली तेव्हा दहा-दहा रेपचे सात ते दहा सेट सांगितले होते. 1948 पर्यंत ते स्वतःच तीन सेटवर आले : पहिला निम्म्या वजनानं, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आजही नव्या मेंबरला मी जवळपास हेच देते.

दोन जड सेटमध्ये किमान तीन मिनिटं थांबा. पाच रेप ज्या झटपट इंधनावर होतात ते स्नायूत परत भरायला साधारण तेवढा वेळ लागतो. मशीन अडवल्यासारखं वाटत असेल तर मधल्या वेळात दुसऱ्याला सेट करू द्या.

आणि दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे करा. वजन थोडंच कमी, सेट निम्मे. हा आठवडा मेंबरच्या जिवावर येतो, मला माहीत आहे. फी भरून कमी व्यायाम का करायचा, असं वाटतं. मलाही वाटायचं. कंबर धरली तेव्हा मी सलग नऊ आठवडे हा हलका आठवडा टाळला होता.

धाप लागली म्हणजे दम वाढला असं नाही

दम वाढवायचा म्हणून रोज बर्पी (खाली जाऊन पुश-अप, मग उठून उडी), रोज दोरीच्या उड्या, रोज जीव घशाशी. मग सोमवारचा स्क्वॉट घसरतो. रॉबर्ट हिक्सन या संशोधकानं 1980 मध्ये दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट फक्त ताकदीचा व्यायाम करणारा, एक फक्त दमाचा, एक दोन्ही भरपूर करणारा. दोन्ही करणाऱ्यांची ताकद पहिले सहा-सात आठवडे बरोबरीनं वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरायला लागली. त्यांचा दमाचा व्यायामच आठवड्यातून सहा दिवस होता, हे लक्षात घ्या. ठाणे वर्षा मॅरेथॉन जवळ आली की आमच्या बॅचमध्ये हे दरवर्षी दिसतं. स्पर्धेच्या सहा-आठ आठवडे आधी पळणं वाढवायचं असेल तर पायांचे सेट तेवढे कमी करा, आणि अवघड पळणं जड स्क्वॉटच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

माझा मंगळवार मुद्दाम सावकाश असतो. बरोबरच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. रविवारी उलटं. उपवनकडून येऊरच्या चढाला लागलं की दोन मिनिटं जोरात वर, मग खाली चालत, असं सहा वेळा. त्यात एक शब्दही बोलवत नाही. मधल्या वेगानं रोज पळणारा माणूस रोज थकतो आणि दोन्हींपैकी कशातच फार पुढे जात नाही.

आपल्या हवेचं वेगळं सांगायला हवं. घाम वाळला तरच अंग थंड होतं. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तो वाळतच नाही, नुसता निथळतो. त्यामुळे जानेवारीतल्याच वेगाला नाडी कितीतरी वर जाते. तेव्हा घड्याळातल्या वेगाचा हट्ट सोडा आणि बोलण्याची कसोटी धरा. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. ते हळूहळू भरून काढा, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक उत्तम. एका दमात दोन बाटल्या साधं पाणी पिऊ नका.

जेवण, थोडक्यात

ताकद वाढवणाऱ्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात. 60 किलोच्या माणसाला जवळपास 96 ग्रॅम. अंड्यात सहा, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पंचवीसेक. वाटीभर वरणात पाच-सहाच, म्हणून "मी दोन वेळा वरण खातो" हे उत्तर पुरत नाही. सकाळी नुसते पोहे खाऊन येत असाल तर त्यात मोडाची मटकी घाला किंवा बरोबर दोन अंडी घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. पावडरचा डबा सगळ्यात शेवटी.

काय अंगावर काढायचं नाही

नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी अंग आंबतं, जिना उतरताना मांड्या बोलतात. ते तीन-चार दिवसांत जातं, हलकं चाललं की बरं वाटतं. सांध्यात एका बोटानं दाखवता येणारी टोचणारी कळ वेगळी. तो व्यायाम थांबवा, दुखणार नाही असा पर्याय शोधा, आठवड्यात फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

कंबर धरल्यावर पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल उचलायला अशक्तपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी किंवा शौचावर ताबा राहत नसेल, मांड्यांच्या मधल्या भागाला स्पर्श कळत नसेल तर थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर आली की व्यायाम तिथेच बंद आणि तेव्हाच हॉस्पिटल. खूप दिवसांनी येऊन एकदम शंभर-दोनशे बैठका मारल्यावर मांड्या कडक सुजल्या आणि लघवी कोकसारख्या रंगाची झाली, तर मोडलेल्या स्नायूंचे घटक मूत्रपिंडात अडकत असू शकतात. पाणी पिऊन वाट बघत घरी थांबू नका.

आणि जिममध्ये नाव घालतानाच कोचला सांगा : रक्तदाब, साखर, जुनी दुखापत, चालू असलेली औषधं, बाळंतपण होऊन किती महिने झाले ते. फॉर्मवर रकाना नसला तरी सांगा. माझ्याकडे आता त्यात आणखी एक प्रश्न आहे, "घरी कुणाला उचलावं लागतं का?"