सिरपूर तलावावर श्रमदान: आधी महिना बघा, मग कुदळ उचला

इंदूरमधलं, धार रोडवरचं सिरपूर म्हणजे छोटा आणि मोठा असे दोन तलाव. होळकर संस्थानाच्या काळातले, सुमारे १६१ हेक्टरचे, २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत. सुदामानगर-लोकमान्यनगरकडून फार लांब नाही, त्यामुळे रविवारी सकाळी ‘चला, काहीतरी करू’ म्हणत पोचणारे पुष्कळ. त्यांनी हातात हत्यार घेण्याआधी दिनदर्शिका बघावी. जे काम एप्रिलमध्ये तलावाच्या फायद्याचं, तेच ऑगस्टमध्ये अंडी बुडवतं. पर्यावरण दिनाचं, ५ जूनचं श्रमदान फोटोला ठीक आहे. तोवर पाऊस दारात आलेला असतो आणि उपटलेलं सगळं पुन्हा रुजायची सोय झालेली असते.

काठावरची बेशरम नावाची झुडपं मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत काढा. पाहुणी बदकं परतलेली असतात, घरट्यांचा हंगाम सुरू व्हायचा असतो आणि पाणी मागे सरकल्यामुळे झुडपं उघडी पडतात. पाण्यापाठोपाठ आत सरकत जा, कारण नुकत्याच उघड्या पडलेल्या पट्ट्यात काळी माती ओलसर असते. तीच पंधरा दिवसांनी इतकी कडक होते की कुदळ टणकन उसळते आणि मूळ आतच तुटतं. तिघांची टोळी करावी. एकाने फांद्या छाटायच्या, पण खोड गुडघाभर ठेवायचं, म्हणजे ते धरून झुडूप हलवता येतं. दुसऱ्याने पहारीने चारी बाजूंनी मूळ मोकळं करायचं, तिसऱ्याने माल ओढून न्यायचा. नुसतं वरून छाटलं तर पावसाळ्यात दुप्पट धुमारे येतात. त्याहून मोठी चूक म्हणजे छाटलेल्या फांद्या चिखलात टाकून जाणं. प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि एका झुडपाची दहा होतात. माल पाण्याच्या सर्वांत उंच खुणेच्या वर, उन्हात पसरून वाळवा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातमोजे हवेतच. शेळ्यांना हा पाला विषारी आहे, तेव्हा ढीग त्यांच्या वाटेवर नको.

जलकुंभीचा, म्हणजे जलपर्णीचा, हंगामही साधारण हाच, पण घाई जास्त, कारण सांडपाण्यावर पोसलेली जलकुंभी दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. मधून सुरुवात करू नका. वाऱ्याने ज्या काठाला गोळा झाली असेल तिथून, लांब दांड्याच्या पंजाने ओढून घ्या. ओली असताना वजनाचा बहुतेक भाग पाणीच असतो, म्हणून काठापासून दहा पावलं वर टाकून चार-पाच दिवस सुकू द्या आणि मगच वाहून न्या. प्रत्येक घमेलं उपडं करण्याआधी मुळं झटका. त्यांत माशांची पिल्लं असतात आणि कधी कधी पाणदिवड सापही निघते. ती बिनविषारी असते, पण चावायला मागेपुढे पाहत नाही. खत करायचं तर झाडांना घाला, भाजीपाल्याला नको. सांडपाण्यातले जड धातू ही वनस्पती शोषून घेते. आणि नाल्याचं पाणी येत राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम आहे. चिखलातलं बी पंधरा-वीस वर्षं टिकतं.

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाण्यातल्या वनस्पतीला हात लावू नका. कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो, जांभळी पाणकोंबडी पाणकणसांत घरटं करते. ‘साफ’ दिसणारा तलाव यांच्या दृष्टीने ओसाड. पावसाळ्यात हात शिवशिवत असतील तर झाडं लावा, मात्र मातीच्या पाळीवर नाही. मोठ्या झाडांची मुळं पाळीत शिरतात, वाळल्यावर पोकळ होतात आणि तिथून पाणी पाझरायला लागतं. पाळीपासून दूर अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर लावा. बाभूळही हवीच, काटेरी फांद्यांवर बगळे निर्धास्त बसतात. खड्डे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, मेमध्येच खणून तापू द्यावेत. सप्टेंबरमध्ये गणपती पाण्यात सोडायला इथे येऊ नये, निर्माल्यही आणू नये, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

हिवाळा मोजणीचा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. दुर्बीण ८×४२ घ्या. दहा पटीची हातात थरथरते आणि लांबची बदकं नुसती नाचताना दिसतात. सूर्य पाठीशी राहील अशा जागा आधीच ठरवून ठेवा आणि दर वर्षी त्याच ठेवा. जागा बदलली की मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना संपली. सकाळी सव्वासातला सुरू करा. एकाने बघायचं, एकाने लिहायचं. नजर डावीकडून उजवीकडे एकदाच न्यायची, मागे फिरवायची नाही. वारकरी (कूट) पक्ष्यांचा मोठा थवा असेल तर आधी दहा नीट मोजा, तेवढ्याचा तुकडा डोळ्यांत ठसवा आणि असे किती तुकडे बसतात ते बघा. टिबुकली सारखी बुडी मारते, म्हणून तीन फेऱ्या मोजून सर्वांत मोठा आकडा धरा. थवा उडाला तर वेळ आणि दिशा लिहा, नाहीतर पुढच्या जागेवर तोच पुन्हा मोजला जातो.

नवख्यांची गडबड होते ती माद्यांत. थापट्या बदकाची मादी तपकिरीच, पण चोच फावड्यासारखी. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक. हिवाळ्यात कमळपक्ष्याची लांब शेपूट नसते, त्यामुळे चित्रावरून शोधणाऱ्याला तो सापडतच नाही. ओळख पटली नाही तर ‘बदक, अनोळखी’ असंच नोंदवा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्याची सोय आहे. तिथे वेळ, कालावधी आणि अंतर भरा. ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले असतील तरच यादी ‘संपूर्ण’ म्हणा, फक्त देखणे पक्षी लिहून तसं म्हणू नका. संख्येऐवजी ‘एक्स’ टाकण्याचा आळस शक्यतो नको. बदकांनी माना वर केल्या की थांबा, पोहत दूर सरकायला लागली की दोन पावलं मागे. गणनेनंतर पोहे-जलेबी जरूर व्हावी, पण सेव-परमल (शेव-कुरमुरे) पाण्यात टाकायला आणू नका. तेल-मिठाचं ते खाणं सडतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं.

संक्रांतीनंतरचा आठवडा मांज्याचा. झाडांवरचा दोरा आकडीच्या काठीने उतरवा, बोटाला गुंडाळू नका, जागेवरच छोटे तुकडे करून पिशवीत भरा. पक्षी अडकलेला दिसला तर दोरा ओढायचा नाही, कारण तो पंखाच्या मांसात आणखी रुततो. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, जखमेतला तुकडा तसाच राहू द्या. पक्ष्यावर फडकं टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. मग थेट वनविभागाला किंवा पक्ष्यांच्या डॉक्टरांना कळवा. ‘बरा होईपर्यंत घरी ठेवू’ हा विचार प्रेमाचा असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

सामान थोडंच लागतं: गमबूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा मातकट शर्ट, दोन लिटर पाणी. गवतात शिरण्याआधी काठी आपटत जा. साप चावलाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हातपाय हलू न देता थेट एमवाय रुग्णालय गाठा. पाण्यातलं कोणतंही काम महापालिकेची परवानगी असल्याशिवाय सुरू करू नका, आणि रोज तलावावर असणाऱ्या मासेमार काकांना आधी विचारा. चिखल कुठे कमरेपर्यंत ओढतो हे त्यांना ठाऊक असतं.