पडद्यावरचा हात आणि दोन निरांजने

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी निन्टेंडो वी हा २००६ साली बाजारात आलेला गेम कन्सोल अजूनही वापरात आहे. गेल्या महिन्यात त्याच्या मेनूतला हाताचा पंजा, म्हणजे रिमोट रोखून फिरवायचा कर्सर, मधूनच नाहीसा होऊ लागला. टेनिस खेळताना रॅकेट मात्र बिनचूक फिरत होती, आणि माझ्या दृष्टीने हीच खरी खूण होती. रॅकेटची हालचाल रिमोटमधला त्वरणमापक तीन दिशांतील त्वरणावरून ओळखतो. पंजाची जागा मात्र रिमोटच्या टोकाला असलेला अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपणारा) कॅमेरा ठरवतो. टीव्हीवर ठेवलेल्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात खरे, पण ती काहीच टिपत नाही. तिच्या दोन टोकांना केवळ अवरक्त एलईडी असतात आणि त्या दोन प्रकाशबिंदूंवरून रिमोटचा रोख कळतो.

खात्रीसाठी मी पट्टी काढून तिच्या जागी देवघरातली दोन निरांजने वीतभर अंतरावर लावली. ज्योतीतूनही अवरक्त किरण निघत असल्याने पंजा तत्काळ स्थिर झाला, म्हणजे रिमोट निर्दोष होता! मग पट्टी परत लावून मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिली, तेव्हा फिकट जांभळे ठिपके दिसले आणि वायर हलवताच विझले. कपाटाच्या पायाखाली दबून आतली तार तुटली होती. तेवढा भाग कापून मी दोन्ही तारा सोल्डर केल्या, प्रत्येकीवर वेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि वायर कपाटामागून वर घेतली.