परराज्यातली गाडी महाराष्ट्राच्या नंबरवर आणताना

बंगळुरूहून पुण्याला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा गाडीच्या कागदांचं "तिकडे गेल्यावर बघू" असं मी ठरवलं होतं. सामान लागलं, मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि मग चौकशी केली तेव्हा कळलं की पहिला कागद, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची ना-हरकत (एनओसी), पुण्यात मिळतच नाही. तो जुन्या आरटीओतून आणावा लागतो. त्यासाठी रजा टाकून आठशेहून जास्त किलोमीटर उलट जावं लागलं. तिथे दुसरी अडचण पुढे आली. गाडीचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचं नाव तसंच होतं. बँकेचं पत्र मिळेपर्यंत काम थांबलं आणि मला पुन्हा एक खेप पडली. म्हणून बदलीची ऑर्डर हातात पडली असेल, किंवा बाहेरच्या राज्यातली जुनी गाडी घ्यायचा विचार असेल, तर पुढचं सगळं गाडी हलण्याआधी वाचा.

आधी आपल्याला नक्की काय करायचंय ते ठरवा

राज्यातल्या राज्यात घर बदललं तर नंबर बदलत नाही. एमएच १२ ची, म्हणजे पुण्याच्या नंबरची गाडी कोल्हापुरात नेली तरी ती एमएच १२ च राहते. फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३३ असतो आणि कायद्याने मुदत ३० दिवसांची आहे. परिवहन पोर्टलवर आधारच्या आधारे हा अर्ज करता येतो. एवढ्यासाठी कुणाला हजारो रुपये देऊ नका.

राज्य बदललं की गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. सहा-आठ महिन्यांच्या प्रकल्पासाठी आला असाल आणि परत जाणार असाल, तर नंबर बदलायची गरज नाही. पण गाडी कधी आली याचा पुरावा जवळ ठेवा: गाडी ट्रकवरून आणली असेल तर वाहतूकदाराची पावती, चालवत आणली असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट, शिवाय भाडेकरार. रस्त्यात अडवून "इथे किती दिवस झाले?" असं विचारलं, तर तोंडी उत्तरापेक्षा हे कागद उपयोगी पडतात. मात्र १२ महिन्यांची मुदत आहे म्हणून अकरावा महिना उजाडेपर्यंत थांबू नका. एनओसीला वेळ लागतो आणि ती जुन्या गावाहून आणायची असते.

जुन्या गावात असतानाच करायची कामं

सगळ्यात आधी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तपासा. ऑनलाइन अर्जाचे ओटीपी त्याच नंबरवर जातात. शोरूममधून गाडी घेताना तिथल्या कुणाचा किंवा आपलाच बंद झालेला नंबर दिलेला असतो आणि ते वर्षानुवर्षं ध्यानात येत नाही. तो आधी बदलून घ्या. मग एमपरिवहन ॲपवर गाडीची माहिती उघडून विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) चालू आहेत का, कर भरलेला आहे का, ते बघा. ई-चलानंही तपासा आणि ज्या राज्यांतून गाडी फिरली त्या सगळ्या राज्यांची बघा. थकलेलं एखादं चलान एनओसी अडवू शकतं.

आता कर्जाचं. माझं घोडं इथेच अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. शेवटचा हप्ता गेला की बँक आपलं खातं बंद करते, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, आपोआप उतरतोच असं नाही. तो उतरवायला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचं पत्र आरटीओत द्यावं लागतं. पत्राला मुदत असते. ते फाइलमध्ये पडून जुनं झालं की पुन्हा मागावं लागतं. कर्ज अजून चालू असेल तरी गाडी दुसऱ्या राज्यात नेता येते, फक्त बँकेचं तसं संमतिपत्र लागतं. ते गृहशाखेतूनच मिळेल असं अनेकदा सांगतात, त्यामुळे गाव सोडायच्या महिनाभर आधीच अर्ज द्या.

बोजाचा प्रश्न मिटला की एनओसी. तिच्यासाठी फॉर्म २८ असतो. सोबत आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि चासी (गाडीचा सांगाडा) नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप लागते. ही छाप घेणं सोपं आहे. चासीवर नंबर कोरलेला असतो, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलचं शिसं आडवं फिरवायचं. नंबर कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. दोन-तीन जादा छापा काढून ठेवा, कारण पुण्यातही लागते.

एनओसीच्या अर्जात कुठल्या आरटीओकडे गाडी जाणार ते लिहावं लागतं, आणि इथे खूप जण चुकतात. कोथरूडला राहणार असाल तर एमएच १२ चं पुणे कार्यालय, चिंचवड किंवा वाकडला राहणार असाल तर एमएच १४ चं पिंपरी-चिंचवड. ठाण्याचं एमएच ०४ आणि नवी मुंबईचं एमएच ४३ ही कार्यालयंही वेगळी आहेत. घर अजून ठरलं नसेल तर आधी घर ठरवा, मग अर्ज करा. चुकीच्या कार्यालयाच्या नावाची एनओसी दुरुस्त करायला पुन्हा जुन्याच दारात जावं लागतं.

गाडीवर चोरीचा किंवा गुन्ह्याचा शिक्का नाही ना, हेही एनओसी देण्याआधी तपासलं जातं. कायद्यातली एक तरतूद इथे लक्षात ठेवा. ३० दिवसांत एनओसी दिली नाही आणि नाकारल्याचंही कळवलं नाही, तर कलम ४८ नुसार ती दिली असंच मानलं जातं. म्हणून अर्जाची तारीख असलेली पोच जपून ठेवा.

निघण्यापूर्वी आणखी एक कागद शोधून ठेवा: गाडी घेतल्याचं मूळ बिल, म्हणजे इन्व्हॉइस. पुढे महाराष्ट्राचा कर ठरवताना मूळ किंमत बघतात. हरवलं असेल तर गाडी जिथून घेतली त्या विक्रेत्याकडून प्रत मिळते.

महाराष्ट्रात आल्यावर

नव्या नंबरसाठी फॉर्म २७ आणि नव्या पत्त्यासाठी फॉर्म ३३. अर्ज ऑनलाइन भरून मूळ कागद घेऊन कार्यालयात जायचं. पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. पाचशेच्या स्टॅम्पवर घरमालकाशी केलेल्या साध्या करारावर विसंबू नका. गाडीही न्यावी लागते, कारण मोटार वाहन निरीक्षक चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. आदल्या दिवशी बॉनेटच्या आतली धूळ-तेल पुसून घ्या, म्हणजे नंबर वाचता येतील. जादा लावलेले दिवे आणि काचांवरची काळी फिल्म काढून टाका.

खिशाला मोठा फटका बसतो तो करामुळे. अर्जाची फी त्या मानाने किरकोळ असते. महाराष्ट्रात मोटारीला एकरकमी कर लागतो. तो मूळ किंमत आणि इंधनाचा प्रकार पाहून ठरतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जातो. त्यामुळे वर्षभराच्या गाडीला बरीच रक्कम जाते, तर दहा-बारा वर्षांच्या गाडीला थोडी. गाडी फारच नवी असेल तर नंबर बदलायचा की विकून इथली घ्यायची, याचा हिशेब आधी मांडा. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो नंतर येतो. इथे आधी पूर्ण भरावा लागतो, तेवढी रोख बाजूला ठेवून या.

ज्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते त्यांनी बीएच (भारत) मालिकेच्या नंबराचा विचार जरूर करावा. सैन्यदल, केंद्र व राज्य सरकारी कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतले लोक यांना ती घेता येते. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. डिसेंबर २०२२ पासून आधी साध्या नंबरवर नोंदलेली गाडीही तिच्यात बदलता येते. खाजगी नोकरीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० भरून घ्यावा लागतो. मनुष्यबळ विभागातल्या अनेकांना तो माहीत नसतो, तेव्हा नमुना तुम्हीच छापून न्या.

बाहेरची जुनी गाडी विकत घेत असाल तर

सावंतवाडी-बांद्याकडे गोव्याच्या आणि चंदगड-गडहिंग्लजकडे बेळगावच्या जुन्या गाड्या घेणं नवीन नाही. अलीकडे दिल्लीच्या गाड्याही खूप येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, तेव्हापासून वय होत आलेल्या गाड्या तिथून स्वस्तात निघू लागल्या. गाडी चांगली असू शकते. पण "एनओसी पंधरा दिवसांत पाठवतो" या शब्दावर पैसे देऊ नका. तुमच्या आरटीओच्या नावाची एनओसी हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्या. किमतीत इथला कर मिळवून बघा. स्वस्त वाटलेली गाडी बऱ्याचदा इथल्या गाडीइतकीच पडते.

गाडी नावावर करण्यासाठी वरच्या कागदांशिवाय फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत विक्री कळवायची असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. मूळ मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करावी. वारसाच्या नुसत्या सहीवर घेतलेली गाडी पुढे अडकते.

विकणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडू नका. आमच्या वडिलांनी स्कूटर तशीच दिली होती आणि तिच्या दंडाच्या नोटिसा सहा वर्षं आमच्या घरी येत होत्या. दंडाचं निभावलं, पण अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात स्पष्ट केलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. मध्ये गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणून नाव बदलल्याचं ॲपवर स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

नवा नंबर मिळाल्यावर

नव्या नंबरची उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवून घ्या. ती अधिकृत यंत्रणेकडूनच घ्यायची. विमा कंपनीला नवा नंबर आणि पत्ता कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. गाडी विकत घेतली असेल तर विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला हवा, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याचाच राहतो. फास्टॅगही नंबरला बांधलेला असतो, तेव्हा बँकेला नवी आरसी देऊन तो बदला.

आणि कराचा परतावा विसरू नका, थकून गेल्यामुळे अनेक जण तो सोडून देतात. नव्या आरसीची, एनओसीची आणि मूळ कर पावतीची प्रत जोडून जुन्या आरटीओकडे अर्ज करायचा. प्रत्येक राज्याचा फॉर्म आणि तक्ता वेगळा असतो, म्हणून एनओसी घ्यायला जाल त्याच दिवशी तिथून परताव्याचा फॉर्म आणि लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन ठेवा. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे जुन्या गावातलं बँक खातं अर्जात दिलं असेल तर रक्कम जमा होईपर्यंत ते बंद करू नका.