कामगार टिकवायचा तर आधी पगाराची स्लिप नीट करा

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण पट्ट्यात पन्नास-साठ माणसांचं युनिट चालवणाऱ्यांची तक्रार साधारण सारखीच असते: माणूस टिकत नाही, रिजेक्शन (नापास माल) वाढलंय, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी झाली की शुक्रवारी खाडे पडतात. मग सहल काढली जाते, टी-शर्ट वाटले जातात. त्यात वाईट काही नाही, पण ते नंतरचं काम आहे. पगार कधी येणार आणि किती येणार हे ज्याला नक्की माहीत नाही, त्याचं अर्धं लक्ष मशिनवर नसतंच.

सुरुवात तारखेपासून करा. कायदा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मुभा देतो. पण घरभाडं, भिशी आणि गाडीचा हप्ता बहुतेकांचा 5 तारखेच्या आसपास असतो. हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि तो कामगाराच्या खिशातून जातो. म्हणून पगार 1 ते 3 तारखेच्या आत जमा करा. त्यासाठी हजेरीचा महिना 26 ते 25 असा धरा. ओटी (जादा वेळचं काम) आणि खाडे तपासायला पाच दिवस मिळतात, घाईतल्या चुका टळतात.

आता स्लिप. एकूण पगार 18,000, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 असं धरू. पीएफ 12 टक्क्यांनी 1,800, ईएसआय (कामगार राज्य विमा) 0.75 टक्क्याने 135, व्यवसाय कर 200. हातात 15,865. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापला जातो आणि दरवर्षी त्या शंभर रुपयांवरून कुरबूर होते. जानेवारीतच फळ्यावर लिहून टाका. 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही, तरी कापला जात नाही ना ते बघा. मालकाचा वाटाही स्लिपवर दाखवा: पीएफचे 1,800 (त्यातले 1,250 पेन्शनला, 550 पीएफला) आणि ईएसआयचे 585. हे न दाखवल्यामुळे कामगाराला सगळी कपात बुडाल्यासारखी वाटते. स्लिप मराठीत द्या.

सर्वात जास्त भांडणं ओटीवरून होतात. दर दुप्पट हवा, आणि भागाकार योग्य आकड्याने हवा. 18,000 ला महिन्यातल्या कामाच्या 26 दिवसांनी आणि 8 तासांनी भागलं की तासाचे 86.54, दुप्पट 173. तिथे 30 ने भागलं तर 150 होतात. महिन्याला 40 तास ओटी करणाऱ्याचे 920 रुपये असे गुपचूप जातात. कामगाराला हा हिशोब मांडता येत नसेल, पण शेजारच्या गाळ्यातल्या मित्राला किती मिळाले हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पगारवाढ देताना 21,000 च्या रेषेकडे लक्ष ठेवा. ईएसआय तिथपर्यंतच लागू असतं. 20,800 वरून 21,300 झालेल्या माणसाला पाचशे रुपये मिळतात आणि त्याच्या घरच्यांचं चिंचवडच्या मोहननगर किंवा बिबवेवाडीच्या रुग्णालयातलं उपचारांचं हक्काचं दार बंद होतं. आजारपणात वर्षाला 91 दिवस मिळणारी 70 टक्के भरपाईही जाते. सहामाहीच्या मध्येच रेषा ओलांडली तर 30 सप्टेंबर किंवा 31 मार्चपर्यंत संरक्षण चालू राहतं; ती तारीख उलटण्याआधी कुटुंबासह गट आरोग्य विमा काढा. ओटीची रक्कम ही मर्यादा मोजताना धरत नाहीत.

उचलीचा नियम लेखी ठेवा. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश एकदम अंगावर येतात. निम्म्या पगारापर्यंत बिनव्याजी उचल आणि चार समान हप्त्यांत वसुली, इतकं पुरतं. सुपरवायझरच्या मर्जीवर उचल सोडली की कामगार सावकाराकडे जातो आणि मग ओटीसाठी अंग मोडेपर्यंत थांबतो. थकलेला हात प्रेसवर धोक्याचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

कल्याणाच्या सोयींत थर्ड शिफ्टकडे, म्हणजे रात्रपाळीकडे, सर्वात कमी लक्ष जातं. पहाटे तीन ते पाच शरीराची झोपेची वेळ असते. चुका आणि बोटं चिरण्याचे प्रकार तेव्हा होतात. दोनच्या सुमाराला गरम जेवण आणि अर्ध्या तासाची पूर्ण सुट्टी द्या. रात्री नुसता चहा-बिस्किटावर माणूस राबवू नका. पिण्याचं पाणी, पंखे, स्वच्छ संडास, बायकांसाठी कपडे बदलायला कडी लागणारी खोली: यांचा खर्च सहलीपेक्षा कमी येतो. ठेकेदाराच्या माणसांना कॅन्टीनमध्ये वेगळी रांग आणि वेगळी भाजी कधीही नको. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच येते, म्हणून त्यांच्या स्लिपाही दर महिन्याला मागवा.

गुरुवारच्या सुट्टीमुळे मुलं घरी असतात तो रविवार कामगाराला मिळत नाही. महिन्यातून एक रविवार आळीपाळीने बदलून द्या. पालखी, गणपती आणि दिवाळीच्या रजांची यादी महिनाभर आधी भरून घ्या.

बदल करण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने हे आकडे शिफ्टप्रमाणे लिहून ठेवा: शुक्रवारचे खाडे, पहिल्या 90 दिवसांत सोडून गेलेले, शंभर नगांमागे रिजेक्शन, प्रथमोपचार पेटी किती वेळा उघडली. आणि सोडून जाणाऱ्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करा. तो गावाकडच्या किती पोरांना तुमच्याकडे पाठवेल किंवा अडवेल, ते त्याच दोन दिवसांत ठरतं.