क्वेरी बांधण्याआधी आर्ग्युमेंटचा टाइप कसा तपासावा

डेटाबेसला पाठवायच्या क्वेरीत मूल्यांच्या जागी प्लेसहोल्डर, म्हणजे मूल्य नंतर भरायच्या राखीव खुणा, वापरले की एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे मूल्यातून परकी आज्ञा क्वेरीत घुसवली जाण्याचा, धोका बराच टळतो. पण आलेले मूल्य अपेक्षित टाइपचे आहे की नाही, हे पाहणे प्लेसहोल्डरचे काम नव्हे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मजकुराच्या कॉलमची तुलना 0 या पूर्णांकाशी केली, तर कॉलममधल्या मजकुराचे आधी संख्येत रूपांतर होते आणि अक्षराने सुरू होणारा प्रत्येक मजकूर शून्य ठरून जुळतो. पासवर्ड बदलण्याचे टोकन (गुप्त खूण) जेसनमधून, म्हणजे डेटा पाठवण्याच्या एका मजकुरी स्वरूपातून, येत असेल, तर स्ट्रिंगऐवजी (मजकुराऐवजी) नुसते शून्य पाठवणाऱ्याला भलत्याच खातेदाराची नोंद मिळू शकते, तीही इंजेक्शनशिवाय.

म्हणून तपासणी क्वेरी बांधणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीलाच ठेवावी. ती फक्त वेब फॉर्मपाशी ठेवली, तर तेच फंक्शन क्रॉन जॉबमधून (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) चालवल्यावर निरुपयोगी ठरते. पायथनमध्ये टाइप हिंटवरही (कोडमध्ये लिहून ठेवलेल्या अपेक्षित टाइपवरही) विसंबू नये, कारण प्रोग्रॅम चालताना भाषा त्या स्वतःहून तपासत नाही.

ग्राहक क्रमांकासाठी ‘इझइन्स्टन्स’ या टाइप तपासणाऱ्या फंक्शनने पूर्णांक तपासताना बूल (खरे-खोटे सांगणारा टाइप) आधी वेगळा नाकारावा, बूल हा इंटचाच (पूर्णांकाच्या टाइपचाच) उपवर्ग असल्याने ‘ट्रू’ सहज आत शिरतो आणि 1 क्रमांकाचा ग्राहक समोर येतो. येथे ‘इंट’ने रूपांतर करून वेळ मारून नेऊ नये, कारण ते 3.9 चे निमूटपणे 3 करते, आणि देवनागरीतले ‘४२’सुद्धा बिनतक्रार स्वीकारते. रूपांतर फॉर्म वाचतानाच उरकावे. टाइपनंतर मर्यादा पाहावी. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या इंटिजर कॉलमची कमाल 2147483647 आहे.

याद्या अधिक फसव्या असतात. स्ट्रिंगही पायथनच्या लेखी एक क्रमच असल्याने, एसक्यूलाइट या डेटाबेसला टपलऐवजी (कंसात दिलेल्या मूल्यांच्या क्रमाऐवजी) नुसते ‘पुणे’ दिले, तर मात्रा-उकार सुटे मोजले जाऊन एकाऐवजी चार मूल्ये आल्याची तक्रार येते. निदान ही चूक बोलते तरी! रिकामी यादी मात्र ‘इन’च्या (मूल्य यादीत आहे का हे पाहणाऱ्या अटीच्या) कंसात गेली, तर एसक्यूलाइट ती चालवून घेते आणि पोस्टग्रेस व मायएसक्यूएल सिंटॅक्स एरर देतात, त्यामुळे टेस्ट एसक्यूलाइटवर चालवणाऱ्यांना दोष उशिरा कळतो. ‘इन’साठी रिकामी यादी आल्यास क्वेरी न चालवता रिकामे उत्तर परत करावे, ‘नॉट इन’ला मात्र हा नियम उलटा लागतो, म्हणजे तिथे कोणतीच नोंद वगळायची नसते.

‘नन’ (पायथनमधले ‘मूल्य नाही’) चालणार असेल, तर त्यासाठी ‘इझ नल’ची वेगळी शाखा लिहावी, कारण नलशी (डेटाबेसमधल्या ‘मूल्य नाही’शी) बरोबरीची तुलना कधीच खरी ठरत नाही. क्रमवारीच्या कॉलमचे नाव प्लेसहोल्डरमधून देता येत नाही. ते ठरावीक नावांच्या यादीतूनच निवडावे.

तपासणी फसल्यास ‘टाइपएरर’ द्यावा आणि त्यात आर्ग्युमेंटचे नाव, अपेक्षित टाइप व आलेला टाइप लिहावा. मूल्य लिहू नये, अन्यथा टोकन थेट लॉगमध्ये जाऊन बसते.